स्लोला बंद पडणारी गाडी

पाणी गाडीच्या पायरीला लागलं तेव्हा बाबा समुद्राकडे पाठ करून हँडल मारत होते आणि इंजिन दोनदा खोकून पुन्हा मरत होतं. मागच्या सीटवर मोठ्या बाई बसल्या होत्या. शेठच्या आई. गुडघे पार गेलेले, अंगाने थोराड, दोन माणसं लागायची त्यांना खुर्चीतून उठवायला. मी पुढच्या सीटवर पूजेचं ताट मांडीवर धरून होते. आगरच्या किनाऱ्याची वाळू सपाट आहे. तिथे भरती येते तेव्हा लाटा फार मोठ्या दिसत नाहीत, नुसतं पाणी पुढे सरकत राहतं, आणि मागे जाताना चाकाखालची वाळू घेऊन जातं. गाडी हळूहळू बसत होती. बाबांच्या कानशिलावरून घाम वाहत होता, पावसाळ्याचे दिवस असून. गाडी का बंद पडतेय हे त्यांना दोन महिने शोधून सापडलं नव्हतं. मला माहीत होतं. मी ताट धरून गप्प बसले होते.

मी का गप्प होते ते आधी सांगते.

बाबा मूळ गंजाडचे. शेती थोडी, भाऊ पुष्कळ, म्हणून ते डहाणूला आले आणि शेठच्या चिकूच्या वाडीत कामाला लागले. आधी खड्डे खणायला, मग बैलगाडीवर, मग शेठच्या वडिलांच्या ड्रायव्हरच्या हाताखाली. तो ड्रायव्हर म्हातारा झाला तशी गाडी बाबांकडे आली. वाडीत शिरल्यावर डाव्या हाताला गाडीची शेड आणि शेडला लागून आमच्या दोन खोल्या. भिंत एकच. पलीकडे गाडी, अलीकडे आईची चूल. आमच्या घराला पेट्रोलचा वास आणि सुक्या बोंबलाचा वास, दोन्ही असायचे, आणि कुठला कुठे संपतो ते मला अजून सांगता येणार नाही. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, त्याचा थपथप आवाज, बाहेर पाटाला सोडलेल्या पाण्याचा आवाज, आणि चिकूवर रात्रभर बसलेल्या वटवाघळांनी अर्धे खाऊन टाकलेले चिकू झाडलोटीत गोळा करणाऱ्या बायांची बडबड. भाकरीबरोबर सुकटीची चटणी, नाहीतर उडदाचं पिठलं. पाऊस लागला की शेवळं, रानातली भाजी, नीट शिजली नाही तर खाजते. आता सून शेवळं यूट्यूबवर बघून करते आणि मला विचारते, घशाला खाजतंय का. खाजतं. मी सांगत नाही, तिने कष्टाने केलेली असतात.

गाडीला वाडीत सगळे काळी म्हणायचे. विलायतेहून आलेली, दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या बॉनेटची, पायऱ्या असलेली. आता अशा गाड्यांवर फुलं बांधून नवरदेव मिरवतात. तेव्हा ती नुसती जुनी होती. सेल्फ कधीचाच गेलेला, हँडल मारूनच चालू व्हायची. तिचे भाग डहाणूत मिळत नसत. काही मुंबईहून यायचं, बाकीचं बाबा हाताने करायचे.

माझी चौथी झाली आणि शाळा थांबली. पुढची शाळा लांब होती, आईला दम्याचा त्रास होता, आणि आमच्यात तेव्हा कुणी त्याचं दुःख करत बसत नव्हतं. आईचं म्हणणं, मला गंजाडला काकांकडे धाडायचं, तिथे लावणीला हात लागतात. बाबा म्हणाले, "तिची बोटं बारीक आहेत. माझी जात नाहीत तिथे तिची जातात." आई म्हणाली, "बोटं बारीक आहेत म्हणून पोरीला गाडीखाली घालणार? उद्या कोण करेल तिला?" बाबा म्हणाले, "गाडीवाला करेल." आईने भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली, पण मी राहिले. शेडमध्ये माझी जागा होती ती त्या बोटांमुळे, आणि हे मला नीट समजलेलं होतं.

बाबांनी मला इंजिन ऐकायला शिकवलं. हातभर बांबूची काठी, एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं कानाच्या भोकाशी. त्यातून आतलं सगळं ऐकू येतं. गाडी जागेवर उभी असताना, पाय न देता, इंजिन हळू चालतं, त्याला आम्ही स्लो म्हणायचो. बाबा म्हणायचे, "पळताना सगळ्याच गाड्या चांगल्या. गाडी कशी आहे ते स्लोला कळतं." काळीला चार सिलिंडर होते. बाबा सांगायचे, हे चार भाऊ एका ताटात जेवतात, एकाने हात आखडला की ताट हलतं. कोणता भाऊ ते ओळखायला इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढली आणि आवाज पडला, तर तो भाऊ कामाचा. काढूनही काही फरक नाही, तर तोच आळशी. वायर सुक्या फडक्याने धरायची. मी एकदा ओल्याने धरली. पुन्हा धरली नाही.

आता चूक. वैशाखात बाबांनी कार्बोरेटर साफ करायला खोलला. कार्बोरेटर आणि इंजिनच्या नळीमध्ये एक जाड कागदाचं पॅकिंग असतं, दोन लोखंडांमधून हवा शिरू नये म्हणून. जुनं कडक होऊन तुटलं होतं. मुंबईहून आणलेल्या पॅकिंगच्या कागदाचा शेवटचा तुकडा उरला होता, तळहाताएवढा. बाबांनी त्यावर जुन्याचा छाप काढून दिला आणि म्हणाले, "काप. घाई करू नको." आणि शेठला स्टेशनवर सोडायला बैलगाडी जुंपायला गेले. मी घाई केली नाही. मी नीटच कापलं. शेवटचं भोक पाडताना कात्री घसरली आणि कड फाटली, नखाएवढा तुकडा निघून हातात आला.

दुसरा कागद नव्हता. वाडीतली सगळी पोरं चिकटवायला एकच गोष्ट वापरायची. कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो, बोटाला लागला तर तेलाशिवाय निघत नाही. आम्ही पतंग त्याने चिकटवायचो, फुटलेल्या पाटीची चौकट चिकटवायचो, एकीने तर कानातला डूल चिकटवून लग्न निभावलं होतं. मी चार कच्चे चिकू तोडले, चीक काढला, फाटलेला तुकडा जागेवर बसवला आणि उन्हात ठेवला. जोड कुठे आहे ते मलाच दिसेना. बाबा आले, पॅकिंग उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, "वा." आईलाही बोलावून दाखवलं. आई म्हणाली, "कागदच आहे ना?" बाबांनी कार्बोरेटर बसवला, नट आवळले, हँडल मारलं. काळी इतकी गुळगुळीत चालली की बाबांनी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला आणि पाणी हललं नाही. मी काही बोलले नाही. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं.

पंधरा दिवसांनी काळी बिघडली. थंड असली की ठीक. डहाणूहून बोर्डीपर्यंत जाऊन तापली की स्लोला थरथरायला लागायची, मधेच एक ठोका चुकायचा, आणि पाय काढला की बंद. चीक तापला की मऊ होतो आणि पेट्रोल लागलं की सुटतो, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच कळलं की ते माझ्यामुळे आहे.

बाबांनी प्लग काढून घासले. ठिणगीच्या पॉइंटमध्ये पोस्टकार्ड घालून अंतर बघितलं. पेट्रोल फडक्यातून गाळलं. कार्बोरेटरच्या जेटांची बारीक भोकं तोंडाने फुंकली, त्या दिवशी जेवताना त्यांना मिठाची चव लागेना. वायरी काढून चारही भावांची परीक्षा घेतली, कधी एक आळशी निघायचा, कधी दुसरा. त्याने ते जास्तच चिडायचे, कारण आजार एका जागी बसत नव्हता. शेठने उंबरगावहून एक मिस्त्री बोलावला. त्याने काठीबिठी काही लावली नाही, चहा घेतला, एकदा रेस दिली आणि म्हणाला, "वाल्व गया छे. इंजिन खोलवुं पडशे." बाबा म्हणाले, "वाल्व गेला असता तर थंड असतानाही ओरडला असता." मिस्त्री म्हणाला, "तू ड्रायव्हर के डॉक्टर?" आणि गेला. जाताना त्याने एक गोष्ट मात्र विचारली होती, कार्बोरेटरखाली हवा तर ओढत नाही ना. बाबा म्हणाले, "तिथे बघायला नको. पॅकिंग नवं आहे. माझ्या पोरीने कापलंय."

हे ऐकलं तेव्हा मी शेडच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. त्यानंतर तर मला सांगताच येईना. ज्याने त्याने समजून घ्यावं.

शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याला दोनदा बाजारात गाडी ढकलायला लागली होती आणि लोक हसले होते. त्याने बाबांना सांगितलं, "पौर्णिमेला बाईंना नेहमीप्रमाणे आगरला नेऊन आण. गाडी बंद न पडता परत आली तर ठीक. नाहीतर मी काळी विकतो. नवी घेईन, तिच्याबरोबर ड्रायव्हरही नवा बघीन." ड्रायव्हर नवा म्हणजे दोन खोल्याही त्याच्या. दुसऱ्या दिवशी आईने गंजाडला निरोप धाडला, मागची खोली रिकामी आहे का म्हणून.

नारळी पौर्णिमेला मोठ्या बाई समुद्राला नारळ द्यायच्या, आणि तो त्यांना वाळूवरून, पाण्याच्या कडेला जाऊनच द्यायचा असायचा. चालता येत होतं तेव्हा चालत जायच्या. गुडघे गेल्यावर गाडी वाळूत उतरवून थेट पाण्यापाशी न्यायची आणि खिडकीतून हात काढून त्यांनी नारळ सोडायचा, अशी पद्धत पडली. तोंड समुद्राकडेच हवं. पौर्णिमेची भरती दुपारी भरते, म्हणून सकाळी लवकर जायचं. त्या दिवशी बाईंची वेणी आणि बाईंचं सोवळं होईपर्यंत उशीर झाला. किनाऱ्यावर कोळी लोक होड्यांना रंग देत होते, पताका बांधत होते. बाबांनी वाळूवर गाडी नेली आणि थांबवली, पण पाय दाबूनच ठेवला, रेस देत राहिले. इंजिन घर्रघर्र ओरडत होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अरे, तो गोंगाट बंद कर जरा. समुद्राशी बोलतेय मी, बाजारात नाही आले."

"बाई, पाय काढला तर..."

"काढ म्हणते ना!"

बाबांनी पाय काढला. काळी थरथरली, एक ठोका चुकला, दुसरा चुकला, आणि संपली. मग फक्त लाटांचा आवाज. बाईंनी हात जोडून जे म्हणायचं ते सगळं म्हटलं, सावकाश.

आणि आता आपण तिथे आहोत जिथून मी सुरुवात केली. पाणी पायरीला. बाबा हँडलवर. दूरवरून एका होडीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, ओरडला, "ए डायवर! समिंदराला गाडी दाखवतो का पाजतो?" आणि बाकीचे हसले. बाबांनी वर बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, पण ते हँडलचे फेरे मोजत नव्हते. मला वाटलं, ते गंजाडची मागची खोली बघतायत. तिथे माझं तोंड उघडलं.

"बाबा, पॅकिंग फाटलंय. मी फाडलं. चीक लावून बसवलंय."

त्यांनी हँडल सोडलं नाही. एक लाट त्यांच्या मांड्यांना लागून गेली.

"कुठल्या बाजूला?"

"तुमच्याकडच्या. खालच्या भोकाला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मागून मोठ्या बाई म्हणाल्या, "तिला झोडायचं असेल तर घरी जाऊन झोड. पाणी माझ्या पायांत आलं."

मी ताट सीटवर ठेवलं आणि पाण्यात उतरले. बाबांनी बॉनेटची बाजू उघडली. आत हात घातला तर कार्बोरेटरखाली चिकाचा काळा ओघळ, आणि नखाएवढी फट. माझ्यासारखंच तिनेही तोंड उघडलं होतं. बाबा म्हणाले, "काहीतरी भर तिथे. काहीही. पण मऊ." त्यांचं बोट जात नव्हतं. मी ताटातून कणकेचा दिवा उचलला, आईने सकाळीच केलेला, वात काढून फेकली आणि दिवा मळून त्या फटीत दाबला. लोखंड भाजत होतं. मी दाबत राहिले. बोटाची कातडी गेली ती गेलीच, आजही उजव्या हाताच्या दोन बोटांचा ठसा उमटत नाही. रेशनच्या दुकानात मशीन घेत नाही म्हणून तिथला पोरगा दर वेळी म्हणतो, आजी, अंगठा ठेवा. मी म्हणते, धर माझा हात, ठेव तू काय ठेवायचं ते. तर त्या दिवशी, मग ओढणीची कड फाडून खारं पाणी लावून त्या कणकेवर गुंडाळली.

बाबा म्हणाले, "आत बस. पाय दे. थोडाच."

माझे पाय जेमतेम पोचायचे. मी पुढे सरकून स्टिअरिंगला लटकल्यासारखी बसले. बाबांनी हँडल मारलं. खोकली. पुन्हा मारलं. आणि काळी चालू झाली. मी घाबरून पाय काढला, तेव्हा ती बंद पडायला हवी होती. ती पडली नाही. चारही भाऊ जेवत होते. बाबांनी ते ऐकलं, लाटेत उभं राहून, हँडल हातात, मान तिरकी करून. तेवढ्या पाण्यातही ऐकलं त्यांनी.

मग ओरडले, "मागचा गिअर टाक!"

शेडमध्ये मी गाडी दोन हात मागे, दोन हात पुढे केली होती, एवढंच माझं ड्रायव्हिंग. गिअर टाकला. चाकं नुसती फिरली, वाळू उडाली. बाबा पुढून बॉनेटला खांदा लावून ढकलत होते आणि ओरडत होते. तेव्हा तो तांडेल पळत आला, त्याच्यामागे रंगाने हात माखलेले चौघे-पाचजण. त्यांनी पुढून खांदा लावला. मोठ्या बाईंना तेवढ्यात आठवण झाली की नारळ द्यायचा राहिला. त्यांनी खिडकीतून नारळ भिरकावला. तो एका कोळ्याच्या पाठीत बसला आणि पाण्यात पडला. "बाय, देवाला द्या, मला नको!" तो म्हणाला. गाडी उचलली गेली, मागे सुटली, आणि मला थांबवायचं कसं ते आठवेना. बोंबील वाळवायच्या रिकाम्या बांबूंमध्ये जाऊन मागचा भाग अडकला तेव्हा थांबली. कार्बोरेटरखाली कणीक करपत होती. पोळीचा वास येत होता.

बाबा पाण्यातून चालत आले. मला वाटलं आता एक चपराक बसणार. त्यांनी आधी मोठ्या बाईंचे पाय पुसले, मग बॉनेट बंद केलं, मग मला पलीकडे सरकायला सांगितलं. स्वतः बसले आणि गाडी वाडीकडे काढली. गाडी बंद पडली नाही. शेठ फाटकात उभाच होता, कुणीतरी सायकलवरून बातमी पोचवली होती. तो म्हणाला, "बंद पडली म्हणे गाडी? पाण्यात?"

मोठ्या बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "बंद कुठे पडली? मीच बंद करायला लावली. आणि तू आता सरक, मला उतरव, माझं लुगडं ओलं झालंय."

शेठने गाडीकडे बघितलं. ती स्लोला चालू होती आणि थरथरत नव्हती. मग तो बाईंना उतरवायला पुढे आला. बाईंना खुर्चीत बसवल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, माझी बोटं बघितली, तूप लावायला सांगितलं आणि हळूच म्हणाल्या, "दिवा गाडीला घातलास. पुढच्या वर्षी दोन कर."

संध्याकाळी बाबांनी कार्बोरेटर खोलला. करपलेली कणीक, चीक, फाटका कागद, सगळं कोयत्याच्या टोकाने खरवडून काढलं. शेठच्या जुन्या हिशेबाच्या वहीचा जाड पुठ्ठा आणला, तेलात भिजवला, त्यावर छाप काढला आणि कात्री माझ्यापुढे ठेवली. माझ्या हाताला फडकं बांधलेलं होतं. मी म्हटलं, "तुम्हीच कापा." ते म्हणाले, "माझी बोटं जात नाहीत." मी डाव्या हाताने कापलं. वेडंवाकडं झालं, पण फाटलं नाही. आई दारातून बघत होती. तिने गंजाडला दुसरा निरोप धाडला, खोली नको म्हणून. बाबा त्या गोष्टीबद्दल माझ्याशी नंतर कधीच बोलले नाहीत. पुढे मिस्त्री भेटला तेव्हा मात्र त्यांनी त्याला सांगितलं, "तू म्हणालास ते बरोबर होतं. हवाच ओढत होती." कुणामुळे ते सांगितलं नाही.

मला गाडीवाला मिळाला नाही. झरीला दिलं, तिथे बैल होते. मुलगा आता तळासरीला हायवेवर गाड्या दुरुस्त करतो, कॉम्प्युटर लावतो आणि त्यावर बिघाडाचा आकडा येतो. कधीकधी एखादी गाडी आकडा दाखवत नाही आणि स्लोला थरथरते. तेव्हा तो फोन इंजिनजवळ धरतो आणि म्हणतो, आई, ऐक जरा. मी ऐकते. मी म्हणते, पॅकिंग बघ, आणि कुणी बसवलंय ते विचार.

काळी पुढे कुणीतरी सुरतेकडे घेऊन गेलं. मोठ्या बाई अंथरुणात गेल्या, म्हातारपणाने, भर उन्हाळ्यात. बाबा गंजाडला वारले, भात झोडून झाल्यावर, खळ्यावरच बसल्या बसल्या. त्या दिवशी पाण्यात गाडीत आणि गाडीपुढे आम्ही तिघं होतो, आणि तिघंही जिवंत बाहेर आलो. आता मी आहे.